यंत्राची साक्ष आणि खातेदाराचा शब्द

आजचा विषय ऐकल्यावर तो इतिहासाचा वाटणार नाही. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, पिन दाबतो, आत नोटा मोजल्याचा आवाज येतो आणि नोटा काही बाहेर येत नाहीत. मोबाइलवर मात्र संदेश येतो की पाच हजार रुपये काढले. किंवा दुसरा प्रकार बघा. आपण घरात, कार्ड कपाटात, आणि पासबुक भरून आणलं तर त्यात परगावच्या एटीएममधून दहा हजार गेल्याची नोंद. बँकेत विचारायला गेलं की पलीकडून उत्तर येतं, "आमच्याकडे व्यवहार सक्सेसफुल दिसतोय."

या एका वाक्यापुढे भलेभले गप्प होतात. ज्याचा महिना निवृत्तिवेतनावर चालतो त्याला दहा हजार म्हणजे औषधांचे आणि किराण्याचे पैसे. पण त्याहून जास्त लागतं ते वेगळंच. आपण खोटं बोलतोय, निदान आपल्याला नीट आठवत नाही, असं कुणीतरी न बोलता सुचवलेलं असतं. म्हणून आज आपण एक प्रश्न घेऊ. माणूस एक सांगतो आणि यंत्राची नोंद दुसरं सांगते, तेव्हा सिद्ध करायची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाला निदान दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असला की काउंटरसमोर उभं राहण्याची रीत बदलते.

सुरुवात चोपडीपासून करू. आपल्याकडे १८७२ साली पुराव्याचा कायदा आला. त्याच्या ३४व्या कलमात हिशेबाच्या वह्यांबद्दल दोन गोष्टी होत्या. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वहीतली नोंद न्यायालयात विचारात घेता येईल, ही पहिली. आणि केवळ तेवढ्या नोंदीवर कोणावरही देणे लादता येणार नाही, ही दुसरी. रोजकीर्द आणि खतावणी साक्षीला येऊ शकते, पण तिच्या जोडीला आणखी काही हवे. १८९१ साली बँकांच्या वह्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बँकेने मूळ वही उचलून कोर्टात न आणता प्रमाणित नक्कल दिली तर ती चालेल, अशी त्यात सोय होती. पुढे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकावरच्या नोंदींनाही या मालिकेत बसवले. २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, तरी नोंद एकटी पुरेशी नाही हे तत्त्व त्यातही टिकून आहे.

आता बँकेच्या वहीला एवढा मान का मिळाला? कारण तिच्यामागे अनेक हात होते. जुनी पद्धत आठवा. आपण स्लिप भरायचो, सही करायचो. कारकून खतावणीत शिल्लक बघायचा, अधिकारी नमुन्याच्या सहीशी आपली सही ताडून बघायचा, आपल्या हातात पितळी टोकन यायचं आणि मग कॅशियर नंबर पुकारून पैसे मोजून द्यायचा. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर कोणी घरी जात नसे. तीन-चार माणसांनी पाहिलेली आणि एकमेकांची तपासलेली ही नोंद होती. शिवाय आपली सही असलेला कागद बँकेत राहायचा. वाद झालाच तर तो कागद काढून दाखवता येत असे.

२७ जून १९६७ रोजी लंडनजवळच्या एनफील्डमध्ये बार्कलेज बँकेच्या शाखेबाहेर पैसे देणारे यंत्र बसले. त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा, १९२५ चा. त्या पहिल्या यंत्रात प्लास्टिकचे कार्ड नव्हते. बँकेकडून आधी घेतलेले खास कागदी व्हाउचर त्यात घालायचे, चार आकडी संख्या दाबायची आणि दहा पौंड घ्यायचे. व्हाउचर यंत्र ठेवून घेत असे. म्हणजे कागद तेव्हाही मागे राहत होता. पुढे प्लास्टिकचे कार्ड आले, ते आपल्या हातात परत येऊ लागले, आणि कागद गेला. सहीची जागा पिनने घेतली. सही प्रत्येक वेळी थोडी वेगळी उमटते, तिची तज्ज्ञाकडून तपासणी करता येते. पिनच्या बाबतीत मागे उरते ती एवढीच नोंद, की 'जुळला'. वहीवरचा जुना विश्वास मात्र काहीही न बदलता या नव्या नोंदीकडे आला. आजच्या भांडणाचं मूळ इथं आहे.

आता आम्ही तत्त्वज्ञानवाले, त्यामुळे थोडं न्यायशास्त्राकडे वळल्याशिवाय राहवत नाही. नैयायिकांनी शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, हे प्रमाण मानलं. पण कोणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. यंत्राला फसवण्याची इच्छा नसते, हे कबूल. पण त्याने जाणलं काय? त्याला एवढंच कळलं, की अमुक कार्ड आलं, पिन जुळला, नोटा सोडण्याचा हुकूम दिला. समोर कोण उभं होतं हे त्याने पाहिलेलं नाही. 'पिन जुळला, म्हणून खातेदारानेच पैसे काढले' हे बँकेचं अनुमान असतं. आणि ते कच्चं अनुमान आहे. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण अग्नीवाचून धूर कुठेच सापडत नाही. पिनचं तसं नाही. खातेदार नसतानाही पिन जुळल्याची उदाहरणे जगभर सापडतात. असा भरकटणारा हेतू न्यायशास्त्रात सव्यभिचार म्हणून बाजूला काढला जातो.

हा नुसता शाळेतला तर्क नाही, हे १९८० साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या दिवाणी न्यायालयात दिसले. सिटीबँकेच्या एका खातेदार बाईंच्या खात्यातून दोन दिवशी मिळून आठशे डॉलर गेले होते. त्या म्हणाल्या, मी काढले नाहीत, आणि त्या वेळी आपण कामावर होतो असे मालकाचे पत्र त्यांनी दिले. बँकेने संगणकाचे छापील कागद पुढे केले. न्यायाधीशांनी साक्ष ऐकली, बाई विश्वासार्ह वाटल्या, आणि निकाल त्यांच्या बाजूने दिला. यंत्राची नोंद विरुद्ध आहे एवढ्याने सच्च्या माणसापुढे न ओलांडता येणारी भिंत उभी राहते, असे मानायला ते तयार नव्हते. अमेरिकेच्या संसदेने १९७८ मध्येच यासाठी कायदा केला होता, त्याचा मुख्य भाग १९८० च्या मेमध्ये अंमलात आला. व्यवहार खातेदाराच्या संमतीने झाला हे बँकेने सिद्ध करायचे, आणि दोन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर खातेदाराचे नुकसान पन्नास डॉलरपलीकडे जाणार नाही, हे त्यात लिहिले गेले.

ब्रिटनमध्ये मात्र उलटे घडले. तिथल्या वित्तसंस्था बराच काळ सांगत राहिल्या की आमची यंत्रणा चुकतच नाही. १९९२ मध्ये केंब्रिजजवळच्या एका पोलीस शिपायाने तक्रार केली, की सहा वेळा मिळून सुमारे ४६० पौंड आपण न काढता खात्यातून गेले. पैसे परत मिळणे राहिले बाजूला, खोटी तक्रार करून पैसे उकळायचा प्रयत्न केला म्हणून त्याच्यावरच खटला भरला गेला, आणि १९९४ मध्ये तो दोषी ठरला. अपिलात बचाव पक्षाने संस्थेची संगणक यंत्रणा तपासायला मागितली, ती दिली गेली नाही. जी यंत्रणा तपासू देत नाही तिची साक्ष कशी घ्यायची, या मुद्द्यावर खटला कोसळला आणि १९९६ साली तो निर्दोष सुटला. केंब्रिजचे संगणकतज्ज्ञ रॉस अँडरसन त्याच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभे होते. त्यांनी १९९३ मध्येच दाखवून दिले होते, की एटीएममधली बहुतेक गडबड गुप्तलिपी फोडून होत नाही. ती साध्या ढिसाळपणातून होते. टपालात कार्ड गहाळ होते, आतला माणूस फितूर असतो, किंवा पिन नीट सांभाळलेला नसतो.

आता आपल्याकडे येऊ. १९८७ मध्ये मुंबईत एचएसबीसीने एटीएम आणले. पुढे २००४ मध्ये वेगवेगळ्या बँकांची यंत्रे जोडणारे राष्ट्रीय जाळे उभे राहिले, आणि १ एप्रिल २००९ पासून दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून शुल्काशिवाय पैसे काढता येऊ लागले. सोय मोठी झाली, आणि तिच्यासोबत एक नवा त्रासही आला. कार्ड एका बँकेचं, यंत्र दुसऱ्या बँकेचं. तक्रार घेऊन गेलं की ही बँक तिकडे बोट दाखवणार, ती बँक इकडे.

अशा वेळी आत काय घडते ते थोडक्यात बघू. आपण रक्कम दाबली की निरोप आपल्या बँकेकडे जातो, ती रक्कम खात्यात नावे टाकते आणि होकार पाठवते. मग यंत्र नोटा सोडते. होकार आल्यानंतर नोटा अडकल्या किंवा मध्येच लाइन तुटली, तर 'पैसे दिले नाहीत' असा उलटा निरोप जायला हवा. तो पोचला नाही की पैसे आपल्या नावे पडलेले राहतात आणि नोटा यंत्रातच राहतात. पुढे पेटी उघडून रोकड मोजली की तेवढी रक्कम जादा निघते. म्हणजे खरं-खोटं ठरवायला साधनं असतात. यंत्राची स्वतःची रोजकीर्द असते, मधल्या जाळ्याची नोंद असते, रोकड मोजणीचा ताळा असतो आणि कॅमेऱ्याचं चित्रण असतं. फक्त ही सगळी साधनं बँकांच्या हाती, खातेदाराच्या हाती नाहीत. म्हणूनच सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर असणं न्यायाचं आहे.

रिझर्व्ह बँकेने हे टप्प्याटप्प्याने मान्य केले. २००९ मध्ये सांगितले, की अशी तक्रार बारा कामकाजाच्या दिवसांत मिटवा, नाहीतर दर दिवसाला शंभर रुपये खातेदाराला द्या. २०११ मध्ये बाराचे सात झाले. सप्टेंबर २०१९ च्या आदेशाने आणखी पुढचे पाऊल टाकले. नोटा न येता पैसे नावे पडले तर व्यवहारानंतर पाच दिवसांत बँकेने आपणहून ते परत जमा करायचे, तक्रारीची वाट बघायची नाही. उशीर झाला तर रोजचे शंभर रुपये, तेही न मागता.

दुसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे पैसे निघाले पण आपण काढले नाहीत यासाठी, ६ जुलै २०१७ चे परिपत्रक महत्त्वाचे. चूक बँकेची असेल तर खातेदाराची जबाबदारी शून्य. चूक दोघांचीही नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही शून्य. चार ते सात दिवस लावले तर साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंत झळ बसू शकते. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. पिन आपणच कोणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि आजच्या विषयाचं सार असलेलं वाक्यही तिथं आहे. खातेदार जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर.

यंत्रणेचा होकार किती फसवा असू शकतो, हे पुढच्याच वर्षी पुण्यात दिसले. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. चोरांनी एटीएम व्यवहारांना होकार देणारी यंत्रणाच बनावट उभी केली आणि नकली कार्डांनी कितीतरी देशांतून पैसे काढले. सगळे मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. यंत्रांच्या लेखी ते व्यवहार 'सक्सेसफुल'च होते.

मग आपण करायचं काय? नोटा आल्या नाहीत तर यंत्राचा क्रमांक, वेळ, रक्कम टिपून घ्या, आणि पावती निघाली असेल तर ती जपा. तक्रार कार्ड देणाऱ्या आपल्याच बँकेकडे करायची, यंत्र कोणाचंही असो. न केलेल्या व्यवहाराचा संदेश आला तर आधी कार्ड बंद करा आणि त्याच दिवशी लेखी कळवा. तीन दिवसांचं महत्त्व आत्ताच पाहिलं. तोंडी सांगून परत फिरू नका, तक्रार क्रमांक घ्या. अर्जात यंत्राची नोंद, रोकड मोजणीचा ताळा आणि चित्रण मागा. चित्रण कायम ठेवत नाहीत, म्हणून ते लवकर मागावं लागतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. १९९५ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था २०२१ मध्ये एकत्र करण्यात आली.

आणि "सिस्टीमला सक्सेसफुल दिसतंय" असं कोणी म्हणालं, तर शांतपणे विचारावं, "ठीक आहे, पण ते कशावरून, तेवढं लेखी द्या." समोरचा कर्मचारी आपला शत्रू नसतो, त्यालाही पडद्यावर तेवढंच दिसत असतं. पण तो प्रश्न विचारायचा आपला हक्क १८७२ पासूनचा आहे, आणि उत्तर देण्याची जबाबदारी आता त्यांची आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वयस्कर मंडळी एकटीच बँकेत जातात, त्यांनी एवढं त्यांना जरूर सांगावं.