अल्बाची पॉटलाइन: अर्थिंग कोठे असावे, कोठे नसावे

‘अ‍ॅल्युमिनियम बहरीन’ अर्थात ‘अल्बा’ या कंपनीत 1971 साली धातूचे उत्पादन सुरू झाले. डिसेंबर 2018 मध्ये सुरू झालेल्या तिच्या सहाव्या पॉटलाइनमधून साडेचार लाख अँपिअरहून अधिक दिष्ट प्रवाह वाहतो. एका पॉटला सुमारे चार व्होल्ट पुरतात. परंतु शेकडो पॉट एकसर जोडलेले असल्याने दोन टोकांमधील विद्युतदाब हजार व्होल्टच्या पुष्कळ पुढे जातो.

घरगुती वायरिंगची सवय असलेल्यास नवल वाटेल, परंतु पॉटलाइनचे हे मंडल मुद्दामच अर्थ केलेले नसते. जगभरातील अ‍ॅल्युमिनियम कारखान्यांत हीच रीत आहे. लाइन फार काळ बंद ठेवता येत नाही. काही तासांत पॉटमधील द्रव गोठू लागतो. एप्रिल 2017 मध्ये वीज खंडित झाल्याने अल्बाची पाचवी लाइन बंद पडली होती. मंडल जमिनीपासून अलिप्त असेल तर एखाद्या जागी विद्युतरोधन ढळले तरी परतीची वाट नसल्याने मोठा प्रवाह वाहत नाही आणि काम चालू राहते.

धोका नेमका येथेच आहे. पहिला दोष कोणास जाणवत नाही. दूरवर दुसरा घडला, की दोहोंमधील संपूर्ण दाब पोलादी सांगाड्यातून किंवा माणसाच्या देहातून वाट काढतो. म्हणून गळतीवर अखंड नजर ठेवतात, पॉटरूमची जमीन विद्युतरोधक करतात आणि क्रेनच्या आकड्यापर्यंत रोधनाचे एकाहून अधिक टप्पे ठेवतात. बहरीनच्या दमट हवेत क्षारांचा थर ओलावला तर इन्सुलेटरवरूनही गळती सुरू होते.

रेक्टिफायरच्या नियंत्रणातही हाच प्रश्न येतो. थायरिस्टरच्या गेटचा संकेत कॅथोडच्या सापेक्ष असतो आणि कॅथोड शेकडो व्होल्टवर तरंगत असतो. त्यामुळे 24 व्होल्टच्या नियंत्रकाकडून येणारा संकेत पल्स ट्रान्सफॉर्मर किंवा ऑप्टिकल फायबरमधूनच न्यावा लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधील धारकतेतून वेगाने बदलणारा दाब थोडा झिरपतोच. फायबरमध्ये ती वाटच नसते. लहान पॅनेलांत ऑप्टोकप्लर बसवूनही दोन्ही बाजूंचे शून्य एकाच पुरवठ्याला जोडले, तर विलगन केवळ आराखड्यात उरते.

पत्र्याची कॅबिनेट मात्र अर्थ केलीच पाहिजे, आणि नियंत्रण मंडलाचे शून्य एकाच ठिकाणी जमिनीला जोडावे. सामान्य ऑसिलोस्कोपच्या प्रोबची क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. ती तरंगत्या कॅथोडला लावणे म्हणजे पहिला दोष स्वहस्ते निर्माण करणे. त्यावर प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा उपाय अधिकच घातक, कारण मग उपकरणाची पेटीच त्या दाबावर जाते. तेथे योग्य क्षमतेचा डिफरेन्शियल प्रोबच वापरावा.