प्रवेशापूर्वी पारखा प्रमाणपत्राचे मोल

दहावी-बारावीचे निकाल लागले, की विविध अभ्यासक्रमांच्या जाहिरातींना पूर येतो. 'शंभर टक्के नोकरीची हमी', 'आयएसओ मानांकित', 'सरकारमान्य' अशा शब्दांनी विद्यार्थी व पालक भारावून जातात आणि शुल्काची चौकशी करून प्रवेश निश्चित करतात. वास्तविक पहिला प्रश्न शुल्काचा नव्हे. अभ्यासक्रमाअखेर हाती पडणारा कागद कोण देणार आणि तो कोण मानणार, हे आधी विचारावयास हवे.

मान्यता नेमकी कोणाची?

विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ नुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग वेळोवेळी प्रसिद्ध करतो. अभियांत्रिकी व व्यवस्थापन अभ्यासक्रमांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता पाहावी. २०२४-२५ पासून बीबीए व बीसीए हे अभ्यासक्रमही परिषदेच्या कक्षेत आले आहेत. राज्यातील तंत्रनिकेतनांच्या पदविका परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते.

आयएसओ मानांकन हे संस्थेच्या कार्यपद्धतीविषयी असते, ती शैक्षणिक मान्यता नव्हे. विश्वस्त संस्था किंवा कंपनी म्हणून झालेली नोंदणीही तशीच. शिवाय संस्थेला मान्यता असली तरी तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला ती असतेच असे नाही. चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या व त्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरल्या. अनेक वर्षे नोकरी केलेल्यांनाही त्याचा फटका बसला.

व्यवसायासाठी नोंदणी हवी

काही क्षेत्रांत प्रमाणपत्र पुरेसे नसते, परिषदेकडे नोंदणी अनिवार्य असते. परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुकला व वकिली ही त्याची उदाहरणे. सहा महिन्यांचा रुग्णसाहाय्यकाचा अभ्यासक्रम निरुपयोगी नसतो, परंतु त्यावर परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. त्यासाठी एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगच करावे लागते. हा फरक प्रवेशापूर्वी न समजल्यास पैशांबरोबर उमेदीची वर्षेही वाया जातात.

संगणकीय हिशेब, ग्राफिक डिझाइन, शिवणकाम अशा अभ्यासक्रमांत मात्र कागदापेक्षा कौशल्याला महत्त्व असते. तेथे यंत्रसामग्री किती, एका संगणकावर किती विद्यार्थी बसतात, शिकविणाऱ्याला प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे का, हे पाहावे. एखाद्या तासाला बसू देण्याची विनंती करावी. आजी-माजी विद्यार्थ्यांशी संस्थेबाहेर बोलावे.

जाहिरातीतील यशवंत

'नोकरीची हमी' आणि 'नोकरीसाठी साहाय्य' यांत मोठे अंतर आहे. सर्वाधिक वेतनाचा आकडा सांगितला गेल्यास, मागील तुकडीतील किती जणांना कोठे काम मिळाले, हे लेखी मागावे. कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याच्या छायाचित्रासोबत त्याने नेमका कोणता अभ्यासक्रम घेतला होता, हे नमूद करणे आवश्यक आहे.

शुल्क भरताना

सर्व शुल्क एकरकमी भरण्याची घाई करू नये. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी व परताव्याचे नियम लेखी मागावेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण शुल्क भरलेल्या विद्यार्थ्याने कोचिंग मध्येच सोडल्यास उर्वरित काळाचे शुल्क १० दिवसांत परत करणे अपेक्षित आहे. विद्यापीठे व महाविद्यालयांना मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास अनुदान आयोगाने मनाई केली आहे. त्यामुळे पडताळणी होताच ती परत घ्यावीत.

मान्यतेचा क्रमांक माहितीपत्रकावर छापलेला असला, तरी तो संबंधित परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः तपासावा. 'जागा आजच भरतील' असा आग्रह कोणी धरला, तरी या पडताळणीसाठी एक दिवस जरूर राखून ठेवावा.