हवेतील बाष्प आणि फ्लूचा हंगाम : एका नियमाचा इतिहास

फ्लू थंडीत पसरतो, असे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. मग मुंबई-पुण्यात त्याचे रुग्ण पावसाळ्यात का वाढतात? त्यासाठी हा नियम कसा घडला ते पाहू.

1934 मध्ये विल्यम वेल्स या अमेरिकी स्वच्छता-अभियंत्याने खोकल्यातून उडणाऱ्या थेंबांचे गणित मांडले. मोठे थेंब खाली पडतात; बारीक थेंब पडण्याआधीच सुकतात आणि त्यांचे सूक्ष्म अवशेष हवेत तरंगत राहतात. हवा जितकी कोरडी, तितके हे सुकणे जलद. 1961 मध्ये ब्रिटनमधील हार्पर यांनी विषाणू हवेत किती टिकतात हे मोजले. फ्लूचा विषाणू कोरड्या हवेत अधिक टिकला, पोलिओचा मात्र दमट हवेत. म्हणजे सर्व विषाणूंना एकच नियम लावता येत नाही.

2007 मध्ये न्यूयॉर्कमधील लोवेन, पालेसी व सहकाऱ्यांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. 5 अंश सेल्सिअसला फ्लूचा संसर्ग अधिक झाला, 30 अंशांना झालाच नाही. 20 अंशांना कोरड्या हवेत तो सहज पसरला, 80 टक्के सापेक्ष आर्द्रतेत थांबला. दोन वर्षांनी शामन आणि कोन यांनी हीच आकडेवारी पुन्हा तपासली. सापेक्ष आर्द्रतेऐवजी हवेतील बाष्पाचे प्रत्यक्ष प्रमाण, म्हणजे निरपेक्ष आर्द्रता, घेतल्यावर संबंध अधिक स्पष्ट दिसला.

हा फरक उदाहरणाने समजून घ्या. 0 अंशाच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला जेमतेम 5 ग्रॅम बाष्प असते. तीच हवा घरात 20 अंशांपर्यंत तापवली, की सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांखाली जाते. बाहेर धुके असले, तरी घरातली हवा कोरडीच!

आता भारताकडे वळू. श्रीनगरमध्ये फ्लू हिवाळ्यात वाढतो. तेथे हा नियम बसतो. मुंबईत जुलैची हवा बाष्पाने भरलेली असते, तरी साथ येते. 2013 मध्ये जगभरातील ठिकाणांची तुलना झाली, तेव्हा फ्लूचे दोन हंगाम दिसले : थंड-कोरडा आणि दमट-पावसाळी. पावसात बंद जागी होणारी गर्दीही विचारात घ्यावी लागते. प्रयोगपेटीत ती नव्हती.

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. लसीचे संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागते. श्रीनगरला ती हिवाळ्यापूर्वी हवी, मुंबईला पावसाळ्यापूर्वी. म्हणून कोणताही नियम वापरताना तो कुठल्या हवेत मोजला गेला, हे आधी विचारा.