लोकशाही शिक्षण, विद्यापीठीय (कोल्हापूर)

विद्यार्थ्याला मतदार, प्रतिनिधी आणि सार्वजनिक कामातला भागीदार म्हणून तयार करण्यासाठी विद्यापीठ व महाविद्यालये चालवीत असलेले अभ्यासक्रम, शिबिरे आणि प्रातिनिधिक मंडळे. कोल्हापूर भागात हे काम मुख्यतः शिवाजी विद्यापीठाकडे आहे. या विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. इतिहासाचे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे सध्या त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

कोल्हापुरात या शिक्षणाची सुरुवात वर्गात नव्हे, वसतिगृहात झाली. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने व आश्रयाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. मागोमाग जैन, मुस्लिम आणि इतर समाजांची वसतिगृहे आली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातल्या मुलाला शहरात राहून शिकणे शक्य झाले ते यांमुळे. मात्र ही वसतिगृहे बहुतांशी जातवार होती, ही गोष्ट त्यांचे कौतुक करताना सहसा मागे पडते. जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. साताऱ्यात १९२४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीला जेवत. त्यांनी रुजवलेली ‘कमवा व शिका’ ही पद्धत शिवाजी विद्यापीठानेही स्वीकारली. एकत्र राहण्या-जेवण्यातला समतेचा हा धडा कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा पक्का होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरा धागा याच जिल्ह्यातील गारगोटीचा. कोल्हापूर जिल्ह्यातच जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये तेथे श्री मौनी विद्यापीठाचा पाया घातला. शिक्षण आणि ग्रामसुधारणा एकाच ठिकाणी व्हावी, ही त्यामागची दृष्टी. हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव झाले. विद्यार्थ्यांच्या शिक्षणात समाजसेवेला स्थान हवे, हा आग्रह त्या आयोगाच्या अहवालात आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सुरू झाली. एनएसएसच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि एक सात दिवसांचे शिबिर करावे, अशी अपेक्षा असते. महाविद्यालये या शिबिराला श्रमसंस्कार शिबिर म्हणतात. प्रभातफेरी, वनराई बंधारा, सर्वेक्षण, दुपारचे बौद्धिक असा त्याचा क्रम ठरलेला. सरपंच उद्घाटनाला येतात, पण ग्रामसभा कशी चालते हे मुलांना दाखवणारे शिबिर विरळा.

पदवीच्या अभ्यासक्रमातही विद्यापीठाने लोकशाही, निवडणूक व सुशासन हा विषय आणला. मतदाराचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१वी घटनादुरुस्ती १९८९ मध्ये अमलात आल्यापासून महाविद्यालयाचा पहिल्या वर्षाचा वर्ग हाच नव्या मतदारांचा वर्ग झाला आहे. २५ जानेवारीचा राष्ट्रीय मतदार दिन (२०११ पासून) आणि मतदार नोंदणीचा ‘नमुना ६’ हा अर्ज भरून घेण्याची मोहीम हे त्यामुळे महाविद्यालयांचे नेमाचे काम बनले. नोंदणीसाठी आता जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख ग्राह्य धरली जाते, आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो.

या सगळ्यातली कच्ची बाजू म्हणजे विद्यार्थी परिषद. सीआर (वर्गप्रतिनिधी), एलआर (विद्यार्थिनी प्रतिनिधी), जीएस (सरचिटणीस) ही पदे एकेकाळी थेट मतदानाने भरली जात. महाराष्ट्राच्या राजकारणात अनेकांचा प्रवेश याच दाराने झाला. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला आणि या निवडणुकांतील हिंसा चर्चेत आली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमण्याची पद्धत आणली. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी चांगला प्रतिनिधी असतोच, हे गृहीतक मुळातच लंगडे होते. शिवाय जीएसच्या निवडीसाठी मतदार मोजके उरल्याने गटबाजी संपण्याऐवजी सोपी झाली. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्वीकारल्या. उमेदवारासाठी ५,००० रुपयांची खर्चमर्यादा, ७५ टक्के हजेरी आणि राजकीय पक्षांपासून अंतर या त्यांतील ठळक अटी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९९ ने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. २०१९ मध्ये या निवडणुका जाहीरही झाल्या, पण पुढे ढकलल्या गेल्या आणि पाठोपाठ कोविडची साथ आली. लोकशाहीचा पेपर आवारात आणि मतदान मात्र आवाराबाहेर, अशी विचित्र स्थिती त्यातून निर्माण झाली. हिंसेच्या भीतीने निवडणूक टाळणे हा उपाय नव्हता. ती शिस्तीत घेणे हेच तर शिकवायचे होते.

त्या तुलनेत युवा महोत्सवातील पथनाट्य, वक्तृत्व आणि वादविवाद या स्पर्धांनी सार्वजनिक प्रश्नांवर बोलण्याची सवय अधिक टिकवली आहे. पाणी, दारू, हुंडा, भ्रष्टाचार हे पथनाट्यांचे हक्काचे विषय. काही संहिता पाठ केलेल्या वाटतात, पण चौकात उभे राहून बोलायला धीर लागतोच.

पदवीनंतर विद्यापीठाच्या कारभारात सहभागाचा आणखी एक मार्ग उरतो. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधर आपले १० प्रतिनिधी निवडून पाठवतात. ही नोंदणी पदवी प्रमाणपत्रासोबत आपोआप होत नाही. त्यासाठी विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघातही कोल्हापूरचे पदवीधर मतदान करतात; त्याची मतदारयादी वेगळी असते.