चटई क्षेत्र निर्देशांक, वाढीव

भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट चटई क्षेत्र त्यावर उभारता येईल, हे ठरविणारी मर्यादा घरांचा पुरवठा वाढावा म्हणून शिथिल करण्याची नगररचनेतील उपाययोजना. व्यवहारात ‘एफएसआय वाढविणे’ असेच म्हणतात.

मुंबईत १९९१ च्या नियमावलीने ही मर्यादा बेटावर १.३३ व उपनगरांत १ ठेवली. पुढील वाढ सरसकट न देता अधिमूल्य, हस्तांतरणीय विकास हक्क आणि पुनर्विकासाच्या नाना योजना यांच्या आडवाटांनी दिली गेल्यामुळे, मंजुरी मिळविण्याचे कसब हेच बांधकामाचे मुख्य भांडवल होऊन बसले. ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागास एकदम अधिक घनतेची मुभा दिली, आणि तेथील बांधकाम परवाने लक्षणीय वाढले.

ब्रह्मपुरीसारख्या धानपट्ट्यातील तालुक्याच्या गावी प्रश्न गगनचुंबी इमारतींचा नाहीच. शिक्षणाचे केंद्र म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांतील मुले येथे भाड्याच्या खोल्या शोधीत येतात; वस्ती मात्र आडवी पसरू लागली की धानाच्या बांध्या मोडून, अकृषक परवानगी घेऊन ले-आऊट पडतात, आणि ज्या मालगुजारी तलावांच्या व बोड्यांच्या पाण्यावर या बांध्या पोसल्या, त्यांचे पाट बुजण्याची वेळ येते.

डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीने मुंबई व काही अन्य क्षेत्रे वगळता राज्यातील नगरांसाठी मूळ निर्देशांक सामान्यतः १.१ ठेवून पुढील वाढ रस्त्याच्या रुंदीशी बांधली. ही सांगड तत्त्वतः योग्यच आहे, कारण अग्निशामक बंब आणि सांडपाणी यांना निर्देशांक कळत नाही, रस्ता कळतो. तथापि ९ मीटरांहून अरुंद रस्त्यावरील ३० गुणिले ५० फुटांच्या भूखंडास मूळ हक्काने १,६५० चौरस फूटच लाभतात. जिने, सज्जे आदींचे आनुषंगिक क्षेत्र अधिमूल्य भरून वेगळे घ्यावे लागते. शिवाय विदर्भातील जुन्या वस्त्यांत नझूल पट्ट्यांची नोंद आणि भावाभावांतील रखडलेली खातेफोड यांचा निकाल लागल्यावाचून कागदावरील वाढ कागदावरच राहते.

म्हणून अशा गावी नगर परिषदेने प्रथम दफ्तर स्वच्छ करावे, नळ व गटारे वाढवावीत, आणि मग वाढीव निर्देशांक अर्जागणिक मेहेरबानी म्हणून नव्हे, तर साऱ्या वस्तीस सारख्या हक्काने द्यावा. दहा मजल्यांच्या एखाद्या इमारतीपेक्षा विनासायास मंजूर होणारा तिसरा मजला येथे अधिक उपयोगी पडेल.