कापसातील सोने आणि मुंबई : १८६१ ते १८६५

मुंबई बेटावर सोन्याची खाण कधीच नव्हती. तरीही सोन्यामागे धावणाऱ्या वसाहतीची जी लक्षणे कॅलिफोर्नियाच्या इतिहासात आढळतात, ती १८६१ ते १८६५ या काळात या शहरात दिसून आली. त्या तेजीत कोण श्रीमंत झाले हे वारंवार लिहिले गेले आहे. तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी होताच लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसावाचून गत्यंतर उरले नाही. वऱ्हाड, खानदेश व गुजरात येथील कापूस मुंबईतून बाहेर पडू लागला आणि मोबदल्यात सोने-चांदी येऊ लागली. हा पैसा बँका, वित्तसंस्था व समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांकडे वळला. गिरगाव चौपाटीपासून कुलाब्याकडे पसरलेली बॅक बे बुजवू पाहणाऱ्या कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला भाग पन्नास हजारांच्या आसपास विकला जात होता. जमीन अद्याप पाण्याखालीच होती! गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये, म्हणजे ऐन तेजीत प्रसिद्ध झाले, हे ते वाचताना ध्यानात ठेवावयास हवे.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपुष्टात आले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी बाजार बुडाला. तेजीचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद हेही बुडाले. १८६४ मध्ये त्यांनी दिलेल्या देणगीतून उभारलेला राजाबाई मनोरा मात्र १८७८ मध्ये पूर्ण झाला. १८६४ च्या गणनेत ८,१६,५६२ असलेली शहराची लोकसंख्या १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. पहिल्या गणनेच्या अचूकतेविषयी शंका घेता येईल. परंतु रोजगारासाठी आलेले अनेकजण परतले, हे उघड आहे.

ते ज्या गावांकडे परतले तेथील स्थितीही बदलत होती. तेजीच्या काळात धान्याचे भाव चढले होते, सावकारांचे कर्जही सुलभ झाले होते. त्यानंतर दख्खनच्या काही तालुक्यांत जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. भाव मात्र उतरले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले. मुंबईतील कोसळणे आणि सुप्यातील दंगा यांचा संबंध थेट जोडणे धाडसाचे ठरेल. मध्ये दहा वर्षे आहेत आणि अन्य कारणेही आहेत. पण भाव चढले असताना ठरलेला सारा व घेतलेले कर्ज, दोन्ही भाव उतरल्यावर शेतकऱ्याच्याच माथी राहिले. त्यासाठी दख्खन शेतकरी कायदा १८७९ मध्ये करावा लागला.