एकच चित्र, दोन लिप्या

आपल्या भागातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही मराठी माणसाला लहानपणी काय वाचलेत असे विचारा. दहापैकी आठ जण पहिले नाव 'चांदोबा'चे घेतील. घेतीलही इतक्या आपलेपणाने, की हे मासिक पुण्याच्या एखाद्या पेठेतून निघत असावे असेच ऐकणाऱ्याला वाटावे. प्रत्यक्षात चांदोबा पुण्याचा नव्हता आणि मुंबईचाही नव्हता. तो मद्रासचा. त्याची मायबोली तेलुगू. आणि आपल्याकडे यायच्या आधी तीन वर्षे तो कन्नड बोलू लागला होता.

सीमाभागात भाषेचा हिशेब लोक फार काटेकोरपणे मांडतात. कोणते गाव कोणाचे, कोणती पाटी वर आणि कोणती खाली, शाळा कुठल्या माध्यमाची, यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या डोकी तापली आहेत आणि त्यामागे खरी दुःखेही आहेत. पण मुलांच्या हातातल्या चित्रांच्या पुस्तकांचा हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. तो मांडायला बसलो तेव्हा खात्यावर भलतीच नावे निघाली.

पहिले नाव बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीचे. मद्रासच्या विजया-वाहिनी स्टुडिओचे हे मालक. १९५७ साली आलेला 'मायाबाजार' हा गाजलेला चित्रपट त्यांचाच. चक्रपाणी मुळात साहित्यिक. शरच्चंद्रांच्या बंगाली कादंबऱ्या त्यांनी तेलुगूत आणल्या होत्या. जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्याच महिन्यात, या दोघांनी मुलांसाठी 'चंदामामा' सुरू केले, तेलुगूत आणि तमिळमध्ये. १९४९ साली कन्नड आणि हिंदी आवृत्त्या निघाल्या आणि १९५२ साली मराठी. मराठीत मामा नकोसा झाला असावा किंवा आपली बडबडगीते ध्यानात घेतली असावीत. नाव ठेवले 'चांदोबा'. त्याच वर्षी कोडवटिगंटि कुटुंबराव हे तेलुगूतले मोठे लेखक संपादनाला आले आणि १९८० साली जाईपर्यंत तिथेच राहिले. मजकूर आधी तेलुगूत तयार व्हायचा आणि मग मद्रासलाच बसून तो इतर भाषांत उतरवला जायचा.

चांदोबाच्या मराठीला एक विशिष्ट चव होती ती यामुळे. शुद्ध, सरळ, परीटघडीची भाषा. कुठल्याही जिल्ह्याचा वास नसलेली. साताऱ्याच्या मुलालाही ती थोडी परकी आणि निपाणीच्या मुलालाही तितकीच परकी. आम्हा सीमेवरच्या पोरांना त्याचे बरे वाटे, कारण आमच्या बोलण्याला पुण्याचे पाहुणे हसत, तसे चांदोबापुढे कोणी कोणाला हसू शकत नव्हते. अस्सल मराठी म्हणावे असे त्या अंकात एकच ठिकाण होते. दर महिन्याला दोन छायाचित्रे छापत आणि वाचकांकडून त्यांना जोडशीर्षके मागवत. छायाचित्रे सगळ्या भाषांत तीच, पण शीर्षके त्या त्या भाषेच्या वाचकाची. आमच्या गल्लीत या स्पर्धेसाठी पोस्टकार्डे गेली ती मोजायची सोय नाही. बक्षीस मात्र कोणाला मिळाले नाही.

मजकुराचे एवढे पुरे. मुले चांदोबा उघडत ती चित्रांसाठी. चित्रकारांची नावे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. चित्राच्या कोपऱ्यात 'शंकर' किंवा 'चित्रा' अशी बारीक सही दिसे आणि चित्रा ही कोणी बाई असावी अशी आमची समजूत होती. चित्रा म्हणजे टी. व्ही. राघवन. शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन. मद्रासच्या सरकारी कलाशाळेत शिकलेला हा गृहस्थ पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी चंदामामात आला आणि जवळजवळ साठ वर्षे तिथेच चित्रे काढत राहिला. मुखपृष्ठांवर वड्डादि पापय्यांचे मऊ, धुक्यासारखे रंग असत. महाभारतातले भरदार योद्धे काढणारे एम. टी. व्ही. आचार्य कर्नाटकातले. म्हणजे हिशेब पाहा. कथा तेलुगू माणसाने लिहिलेली, चित्र तमिळ किंवा कन्नड माणसाने काढलेले, आणि भीम म्हटला की आजही माझ्या पिढीच्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो त्यांचाच भीम.

या चित्रांत एक गंमत होती. राजा उज्जैनचा असो नाहीतर काशीचा, त्याच्या नगरामागे गोपुर डोकावायचे. बायकांच्या वेण्यांत गजरे दाक्षिणात्य थाटाचे, घरांना खांबांचे ओसरीवजा जोते, दारी नारळी. इंदूरकडच्या मराठी मुलांना ही उज्जयिनी कशी वाटत असेल याचे मला नेहमी कुतूहल आहे, कारण त्यांना खरी उज्जयिनी गाडीने दोन तासांवर होती. आम्हाला ती मुळीच खटकली नाही. बेळगावच्या दक्षिणेला गेले की देवळे तशीच दिसू लागतात.

माझे आजोळ धारवाडचे. मामा कचेरीत नोकरीला, घरात मराठी, पण मामेभाऊ कन्नड शाळेत जाई आणि त्याच्याकडे कन्नड 'चंदमामा' येई. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आपापले अंक घेऊन माडीवर बसत असू. एकाच महिन्याचे दोन अंक शेजारी शेजारी उघडले की पान न् पान जुळायचे. तोच राजा, तेच जंगल, तीच म्हातारी चेटकीण, जागाही त्याच. फक्त मधली अक्षरे निराळी. माझ्याकडे रेघेला टांगलेली, त्याच्याकडे गोल गोल, डोक्यावर तलकट्टूची छोटी चूड लावलेली. मग तो 'ओंदानोंदु कालदल्ली' म्हणून सुरुवात करायचा, मी माझ्या पानावर बोट ठेवून पाठलाग करायचा. राजाचे नाव दोन्हीकडे तेच असल्याने ते पहिले सापडायचे. मग राणी, मग नगर, मग मंत्री. आजी खालून ओरडायची, "काय करूलाय रे दोघं माडीवर? आवाज नाही काही!" कन्नड अक्षरे मी शाळेत नंतर शिकलो. पण निम्मी तरी त्या माडीवरच ओळखीची झाली होती, आणि सक्तीने शिकलेल्या अक्षरांविषयी मनात जी अढी बसते ती त्यांच्याविषयी बसली नाही. हे माझ्या एकट्याचे नव्हे; खानापूर, निपाणी, कारवारकडच्या माझ्या वयाच्या अनेकांनी अशाच आठवणी सांगितल्या आहेत.

आता वेताळाकडे येतो, कारण त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. स्मशानातून खांद्यावर प्रेत टाकून, हातात तलवार घेऊन निघालेला विक्रमराजा हे शंकर यांचे चित्र चांदोबाची ओळख होऊन बसले. मूळ संस्कृत 'वेतालपंचविंशति'. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ती आपल्या 'कथासरित्सागरा'त घेतली आणि मराठीत 'वेताळ पंचविशी' एकोणिसाव्या शतकातच छापून झाली होती. नावाप्रमाणे गोष्टी पंचवीसच. चंदामामाने त्या संपल्यावरही चौकट मोडली नाही. नव्या गोष्टी रचून त्याच चौकटीत बसवत राहिले. वेताळाने उडून जायचे आणि राजाने पुन्हा झाडाकडे वळायचे हे वर्षानुवर्षे चालले.

कन्नड अंकात तो 'बेताळ' होता. मामेभाऊ बेताळ म्हणे, मी वेताळ म्हणे, आणि यावरून आमची रीतसर भांडणे होत. त्याचा निकाल लावला एका गोव्याच्या पाहुण्यांनी. त्यांच्याकडे बेताळ हा देव. आमोणे, पैंगीण, लोलये इथे त्याची देवळे आहेत. कोकणात आरवलीला वेतोबा आहे, त्याला भक्त भलेमोठे चामडी जोडे वाहतात, कारण रात्री गावाची राखण करत हिंडताना देवाचे जोडे झिजतात अशी श्रद्धा. म्हणजे गोव्याचा देव उच्चाराने कन्नडच्या बाजूला आणि कोकणचा देव आमच्या बाजूला. पाहुणे म्हणाले, "दोन्ही खरे. पण त्याला झाडावर लटकवणारे तुम्ही कोण?" त्या दिवसापासून आम्हाला चांदोबातल्या वेताळाची भीती वाटेनाशी झाली, थोडी दया मात्र वाटू लागली.

आणि अजून एक तिसरा वेताळ होताच. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले. पहिले बत्तीस अंक एकाच नायकाचे, ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेल्या 'फँटम'चे. मराठीत आणि हिंदीत आणताना त्याचे नाव काय ठेवावे? ठेवले वेताळ. कवटीच्या गुहेत राहणारा, बुरखा घातलेला, घोड्यावरून फिरणारा हा गोरा वेताळ मुलांनी एका दिवसात स्वीकारला. राखणदार तर तोही होताच! मूळ अमेरिकन चित्रमालिकेत त्याचे जंगल 'बंगाल'च्या नावावर बेतलेले आणि त्याचे वैरी 'सिंग' नावाचे समुद्री चाचे. भारतीय आवृत्तीत जंगलाचे 'देंकाली' केले आणि सिंगांचे 'सिंगा'. एकेका अक्षराने केवढे काम केले! मुखपृष्ठे बी. गोविंद रंगवत, आणि खरे सांगायचे तर आतल्या चित्रांपेक्षा ती कित्येकदा सरस असत. १९७६ च्या डिसेंबरात आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला तेव्हा कुठे इंद्रजालला देशी नायक मिळाला. १९९० साली इंद्रजाल बंद झाले, तोवर आठशेवर अंक निघाले होते.

कॉमिक्सच्या भाषांतराची अडचण चांदोबाहून वेगळी. फुगा इंग्रजी अक्षरांच्या मापाने काढलेला. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार. कन्नडला खाली लोंबणारी ओत्तक्षरे. मग वाक्य कापायचे किंवा अक्षर मुंगीएवढे करायचे. वेताळ मराठीत इतका तुटक बोलतो त्यामागे त्याचा स्वभाव कमी आणि फुग्याची जागा जास्त असावी असे माझे मत आहे.

या खात्यावरचे सगळ्यात अनपेक्षित नाव 'अमर चित्र कथे'चे. तिची सर्वश्रुत कहाणी अशी. अनंत पै हे कारकळचे कोंकणीभाषक गृहस्थ, लहानपणीच मुंबईला आलेले. इंद्रजालच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांविषयी उत्तरे आली, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. ते पाहून पै अस्वस्थ झाले आणि त्यांनी इंडिया बुक हाउसमार्फत ही माला सुरू केली. कहाणी खरीच. पण इंग्रजी मालेतला 'कृष्ण' हा पहिला अंक अकराव्या क्रमांकाचा का? एक ते दहा कुठे गेले?

ते गेले बंगळूरला. इंडिया बुक हाउसच्या बंगळूरच्या कचेरीतले जी. के. अनंतराम यांनी सांगून ठेवले आहे की १९६५ साली ही माला प्रथम कन्नडमध्ये निघाली, पहिले दहा अंक कन्नडमध्येच होते आणि त्यांचा खप पाहून मुंबईच्या मुख्य कचेरीला इंग्रजीचा धीर आला. ते दहाही अंक सिंड्रेलासारख्या परदेशी परीकथांचे. पै यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. परीकथा बाजूला सारून पुराणे आणि इतिहास आणला तो त्यांनीच. 'कृष्ण' चितारला राम वाईरकरांनी, पुढे कित्येक अंक प्रताप मुळीक यांनी, म्हणजे रेषा मराठी हातांची. पण दुकानाचे दार उघडले ते कन्नड वाचकाने. आपल्याकडच्या कुठल्याही मराठी किंवा कन्नड व्यासपीठावर हे कोणी बोललेले मी ऐकलेले नाही. दोघांनाही ते सोयीचे नसावे.

अमर चित्र कथेवर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. देव-राजे गोरेपान, राक्षस सावळे. बायका बहुधा रडणाऱ्या नाहीतर जळणाऱ्या. इतिहास बत्तीस पानांत कोंबताना गुंतागुंत गळते. तरी आपल्या जिल्ह्यापुरते एक म्हणेन. या मालेत तुकाराम आहेत आणि बसवेश्वर आहेत, शिवाजी महाराज आहेत आणि कित्तूरची राणीही आहे. एकाच आकाराचे, एकाच किमतीचे अंक. दुकानदार ते एकाच दोरीवर टांगायचा. चौकात ज्यांचे पुतळे कुठे बसवायचे यावरून मोर्चे निघतात ती माणसे त्या दोरीवर खांद्याला खांदा लावून असत. चेन्नम्मा राणीचे १८२४ चे बंड मला कळले ते त्या अंकातून, आणि कित्तूर आमच्याच जिल्ह्यात असल्याचेही.

नंतरच्या काळात मराठीने स्वतःची म्हणावी अशी एक चित्रमालिका जन्माला घातली. २१ नोव्हेंबर १९९१ पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' येऊ लागला आणि त्याचे संग्रह घरोघर गेले. भाषा कुठूनही उसनी आणलेली नाही, वाडाही आपला, आईबाबाही आपले. माझ्या मुलांना तो अतिशय आवडला, मलाही आवडतो. मात्र त्याच्या शेजारी उघडून ठेवायला धारवाडच्या भाचरांकडे काही नव्हते. हा काही चिंटूचा दोष नव्हे.

चंदामामा १९९८ साली बंद पडले, पुढच्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा निघाले, २००७ साली मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने ते घेतले आणि २०१३ साली ते थांबले. अनंत पै २०११ साली गेले, शंकर सप्टेंबर २०२० मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी. पद्मश्री त्यांना मरणोत्तर मिळाली. माझी नातवंडे आणि मामेभावाची नातवंडे अमर चित्र कथा वाचतात, दोन्ही घरी इंग्रजीतून. एकमेकांची भाषा ओळखण्यासाठी त्यांना चित्राची गरज पडत नाही, कारण एकमेकांची लिपी वाचायची वेळच त्यांच्यावर येत नाही.

मामांनी जुने अंक वर्षावार बांधून ठेवले होते. बांधणारा जिल्दसाज उर्दूभाषक. त्याला ना मराठी वाचता येई ना कन्नड. त्याने चित्रे जुळवून गठ्ठे लावले, त्यामुळे १९७१ सालच्या खंडात एक महिना चांदोबा आणि पुढचा महिना चंदमामा असे झाले आहे. मामेभावाने अलीकडे तो उसवून नीट लावून घ्यायचे ठरवले होते. मी तो मागून आणला आहे.